जीपी मानांकन, चुकांची वही आणि कोर्टाचं समन्स

गवाक्ष (धागाकर्ती)

मी मेलबर्नला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. आमच्या दवाखान्याच्या मानांकनाची तीन वर्षं संपत आलीत, पाहणी तोंडावर आहे आणि सध्या दवाखान्यात एकाच गोष्टीवरून दोन तट पडलेत. चुकांची वही किती खरी लिहायची?

इथले बरेच जण भारतातले आहेत म्हणून थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात जीपी दवाखान्यांसाठी आरएसीजीपी या आमच्या कॉलेजची (म्हणजे जीपींच्या व्यावसायिक संस्थेची) मानकं आहेत. आम्ही ज्यावर काम करतोय ती पाचवी आवृत्ती, २०१७ची. पाहणी मात्र कॉलेज करत नाही. अ‍ॅगपल, क्यूपीए अशा स्वतंत्र संस्था करतात आणि पाहणीला येणाऱ्यांत एक स्वतः जीपी असतो. मानांकन कायद्याने सक्तीचं नाही. पण ते नसेल तर प्रॅक्टिस इन्सेन्टिव्ह प्रोग्रॅमचे सरकारी पैसे मिळत नाहीत, त्यामुळे 'ऐच्छिक' हे नावापुरतंच.

त्यातला एक निकष असा, की घडलेल्या आणि थोडक्यात टळलेल्या चुका नोंदवायच्या, त्यावर बसून बोलायचं आणि मग काय बदललं ते दाखवायचं. म्हणजे एकाच नावाच्या दोन पेशंटची गल्लत. लशीच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर जाणं. पॅथॉलॉजीचा वाईट रिपोर्ट आला, डॉक्टर रजेवर, आणि पेशंटला कुणी फोनच केला नाही.

आमचे सीनियर पार्टनर म्हणतात, एक ओळ लिहा आणि सोडून द्या, उद्या वकिलाने वही मागवली तर आपणच आपल्याविरुद्ध पुरावा तयार करून ठेवलेला असेल. प्रॅक्टिस मॅनेजर म्हणते, घाबरू नका, क्वालिटीच्या कामाला 'क्वालिफाइड प्रिव्हिलेज' आहे, कोर्ट हात लावू शकत नाही.

मी मूळ कायदा काढून वाचला. हेल्थ इन्शुरन्स अ‍ॅक्ट १९७३, पार्ट फाइव्ह-सी, १९९२ साली घातलेला. तो म्हणतो की केंद्रीय आरोग्यमंत्री एखादा गुणवत्ता-उपक्रम 'जाहीर' करू शकतात. तसा जाहीर झालेल्या उपक्रमातूनच जी माहिती बाहेर आली, व्यक्ती ओळखू येईल अशी, ती कुणी उघड करायची नाही आणि कोर्टातही मागवता येत नाही. असा उपक्रम चालवणाऱ्या समितीत सद्भावनेने काम करणाऱ्यांवर दिवाणी दावाही चालत नाही. जाहीरनामा जास्तीत जास्त पाच वर्षांचा. गंभीर गुन्ह्याचा संशय असेल तर मंत्री माहिती उघड करायची परवानगी देऊ शकतात.

आता माझा प्रश्न. आमच्या दवाखान्यात मंगळवारी दुपारी सँडविच खात जी मीटिंग होते, ती मंत्र्यांनी जाहीर केलेली नाही. मग आम्हाला कसलं संरक्षण? कुणाला अनुभव?

टिवल्याबावल्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पेठेतले डॉक्टर अजून कसे आले नाहीत?

पेठेतलाडॉक्टर

आलो. ओपीडी संपल्याशिवाय मोबाइल बघत नाही, तुझ्यासारखा रिकामा नाही.

गवाक्षताई, वाचून हेवा वाटला आणि थोडं हसूही आलं. माझा दवाखाना एका खोलीचा, मागे ड्रेसिंगचं टेबल, बाहेर बाकडं. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९चा, तो खाटा असलेल्यांना. केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. त्यामुळे माझ्यासारख्या बिनखाटांच्या जीपीकडे बघायला येतं कोण? मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे कागद, संपलं. एनएबीएच या मानांकन देणाऱ्या संस्थेची लहान क्लिनिकसाठीही मानकं आहेत म्हणे, पण आमच्या पेठेत ती घेतलेला जीपी माझ्या पाहण्यात नाही. घेऊन करायचं काय? तुमच्याकडे त्यामागे पैसे आहेत, इथे नुसता खर्च.

वही मात्र मी ठेवतो. स्वतःसाठी. कुणाला दाखवत नाही. तेव्हा तुमच्या सीनियर पार्टनरचं दुखणं मला समजतं.

चौकस

मी डॉक्टर नाही, पेशंटचा मुलगा आहे, तेव्हा कडू बोलतो. चूक डॉक्टरांनी करायची, त्यावर डॉक्टरांनीच बंद खोलीत चर्चा करायची आणि कायद्याने त्या खोलीला कुलूप लावायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याच्या शरीरावर चूक झाली त्यालाच ती चर्चा बघायला मिळणार नसेल तर याला गुणवत्ता कसं म्हणायचं?

गवाक्ष

चौकस, राग रास्त आहे. पण कुलूप नेमकं कशाला आहे ते बघा. पेशंटच्या फाइलला नाही. काय तपासलं, काय दिलं, रिपोर्ट कधी आला, कुणी उघडला, हे सगळं फाइलमध्ये असतं आणि ते पेशंटला मिळतं, कोर्टालाही मिळतं. उद्या तीच घटना एखाद्या जाहीर झालेल्या समितीपुढे गेली म्हणून फाइल गुप्त होत नाही. गुप्त राहते ती समितीतली चर्चा.

आणि पेशंटला सांगणं हा याच मानकांतला वेगळा निकष आहे. काय घडलं ते सांगा, दिलगिरी व्यक्त करा, पुढे काय करणार ते सांगा.

त्यातही एक गंमत आहे. दिलगिरीला कायद्याचं संरक्षण प्रत्येक राज्यात आहे, पण सारखं नाही. न्यू साउथ वेल्समध्ये २००२च्या सिव्हिल लायबिलिटी कायद्याप्रमाणे 'माझी चूक झाली, माफ करा' असं म्हटलं तरी ती कोर्टात कबुली धरत नाहीत. आमच्या व्हिक्टोरियात 'जे झालं त्याचं वाईट वाटतं' एवढ्यालाच संरक्षण. 'चूक आमचीच' असं स्पष्ट म्हटलंत की तुम्ही उघड्यावर. म्हणजे दोन राज्यांच्या सीमेवरच्या मरे नदीच्या अलीकडचा डॉक्टर तोलून-मापून बोलणार आणि पलीकडचा मोकळेपणाने. पेशंट तोच. ऑल्बरी-वोडोंगा या दोन काठांवरच्या जुळ्या गावांत तर नदी ओलांडून रोज ये-जा चालते.

कलमबहाद्दर

व्यवसायाने वकील, मुंबई. ऑस्ट्रेलियाचा कायदा माझा नव्हे, पण वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी लढल्यात, म्हणून लिहितो.

ताई, तुम्ही कायदा बरोबर वाचलात. तुमची मॅनेजर चुकतेय. असं संरक्षण एका विशिष्ट, जाहीर केलेल्या, देखरेखीखालच्या उपक्रमाला असतं, 'क्वालिटी' असं लेबल लावलेल्या प्रत्येक कागदाला नव्हे. तुमच्याकडचं माझ्या माहितीतलं ठळक उदाहरण म्हणजे शल्यविशारदांच्या कॉलेजचं मृत्यू-परीक्षण. सर्जनच्या हाताखाली दाखल असलेला पेशंट दगावला की सर्जनने फॉर्म भरायचा, दुसऱ्या सर्जनने नाव न कळता तो तपासायचा. भूलतज्ज्ञांचं वेबएअर्स आहे, भूल देताना घडलेल्या घटना नोंदवायचं, तेही जाहीर. हे देशभर चालणारे मोठे उपक्रम आहेत. केंद्राचा हा मार्ग आहेच मुळात त्यांच्यासाठी. राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत, पण त्यांचा रोख बहुतेक हॉस्पिटलांकडे. चार डॉक्टरांचा दवाखाना मंत्र्यांकडे अर्ज करत बसणार नाही.

मग तुमच्या हातात उरतं काय? दावा होईल अशी खरोखर शक्यता असेल तर वही बाजूला ठेवा आणि पहिला फोन तुमच्या इन्डेम्निटीवाल्यांना, म्हणजे व्यवसाय-विमा कंपनीला करा. दाव्यासंबंधी कायदेशीर सल्ला घेण्यासाठी जे लिहाल त्याला वकील-अशील गोपनीयता मिळते. पण तिथेही कागदाचा मुख्य हेतू सल्ला घेणं हाच असावा लागतो. मानांकनासाठी लिहिलेल्या वहीवर नंतर 'वकिलासाठी' असा शिक्का मारून चालत नाही. मारणारे महाभाग मी पाहिलेत.

लीड्सकर

इंग्लंडमधून. इथे हा विषय काढला की अजून डॉक्टर लोक गप्प होतात. कारण बावा-गार्बा प्रकरण.

थोडक्यात: लेस्टरच्या हॉस्पिटलात २०११मध्ये सहा वर्षांच्या मुलाचा सेप्सिसने मृत्यू. ट्रेनी डॉक्टर बावा-गार्बाला २०१५मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं, जानेवारी २०१८मध्ये हायकोर्टाच्या निकालाने नाव रजिस्टरवरून काढलं, ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने परत घातलं. त्या दिवसाबद्दल तिने शिकण्यासाठी म्हणून जे आत्मपरीक्षण लिहिलं होतं ते तिच्याविरुद्ध वापरलं, अशी हूल उठली. ट्रेनिंगचा ई-पोर्टफोलिओ (असं आत्मपरीक्षण लिहायची ऑनलाइन वही) खटल्यात पुरावा म्हणून ठेवलाच नव्हता, हे तिचा बचाव करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने नंतर स्पष्ट केलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. माझ्या बॅचचे लोक त्यानंतर पोर्टफोलिओत 'हात धुण्याचं महत्त्व मला पटले' छापाचं लिहायला लागले.

पुढे २०२२च्या हेल्थ अँड केअर अ‍ॅक्टने तपासासाठी 'सुरक्षित जागा' दिली. कुणाला? तर एचएसएसआयबी या राष्ट्रीय तपास संस्थेला. ऑक्टोबर २०२३पासून. त्यांच्याशी तुम्ही जे बोलाल ते सहजासहजी बाहेर जात नाही. जीपी दवाखान्यातल्या आमच्या मीटिंगला त्यातही काही नाही. वर केअर क्वालिटी कमिशन येऊन रेटिंग देतं आणि ते दारावर लावावं लागतं. तिकडे ऑस्ट्रेलियात तुमची तीच गत दिसतेय. संरक्षण वरच्या मजल्यावर, पाणी तळमजल्यावर.

टिवल्याबावल्या

'हात धुण्याचं महत्त्व मला पटले' हे मी ऑफिसच्या अप्रेझलमध्ये ढापणार आहे.

सिस्टरआक्का

पर्थ. हॉस्पिटलात होते, आता जीपी दवाखान्यात प्रॅक्टिस नर्स. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही सगळे डॉक्टर आणि वकील एकमेकांशी बोलताय. कोर्टाची भीती, कोर्टाची भीती. मला सांगा, ती वही भरतं कोण? डॉक्टर? आमच्याकडे निम्म्याहून जास्त नोंदी रिसेप्शनच्या मुली आणि मी करतो. फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ मी बघते. चुकीच्या पेशंटला लागलेला फोन मुलींच्या लक्षात येतो. त्यांना कोर्ट ठाऊकसुद्धा नसतं. त्यांना भीती असते की डॉक्टरांचं नाव लिहिलं तर पुढच्या आठवड्याचे शिफ्ट कमी होतील. त्यांतल्या काही कॅज्युअलवर आहेत, तासावर पगार. पार्ट फाइव्ह-सी त्यांना काय देणार?

केईएम म्हटलं की इथल्या सगळ्यांना परळ नाहीतर पुणं आठवतं. आमच्या पर्थलाही एक केईएम आहे, बायकांचं हॉस्पिटल. १९९० ते २००० या काळातल्या तिथल्या प्रसूती आणि स्त्रीरोग विभागाच्या कामाची सरकारी चौकशी झाली, डग्लस चौकशी, अहवाल २००१चा. कनिष्ठ डॉक्टरांवर पुरेशी देखरेख नव्हती, हा त्यातला मोठा मुद्दा. मी इथे आले तेव्हा जुन्या सिस्टर ते सांगायच्या.

आणि बंडाबर्ग तर तुम्हाला माहीत असेलच, कारण तो सर्जन मूळचा आपल्या शेजारच्या गुजरातचा. जयंत पटेल. अमेरिकेत त्याच्यावर निर्बंध आलेले होते, ते लपवून २००३मध्ये क्वीन्सलंडच्या बंडाबर्ग हॉस्पिटलात लागला. आयसीयूची प्रमुख नर्स टोनी हॉफमन. तिने आतल्या आत तक्रारी केल्या, पुन्हा पुन्हा. हॉस्पिटलकडे फॉर्म होते, समित्या होत्या, सगळं होतं. शेवटी ती आमदाराकडे गेली आणि मार्च २००५मध्ये विषय विधानसभेत निघाला, तेव्हा हालचाल झाली. (मनुष्यवधाची शिक्षा पुढे २०१२मध्ये हायकोर्टाने रद्द केली, नंतर त्याने फसवणुकीचे आरोप कबूल केले. हेही सांगायला हवं.)

माझं म्हणणं एवढंच. तिथे कुणी कोर्टाच्या भीतीने गप्प नव्हतं. लिहिलेलं होतं, वाचायला कुणी तयार नव्हतं. गुप्ततेचा कायदा लिहिणाऱ्याला कोर्टापासून वाचवतो. साहेबापासून वाचवत नाही.

चौकस

आक्का, साष्टांग. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही आतल्या बाजूने सांगितलंत.

पेठेतलाडॉक्टर

आक्कांना +१. पण एका गोष्टीवर असहमत. 'कोर्टाची भीती' ही सबब नाही हो, निदान आपल्याकडे नाही. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, ते एक वेळ ठीक. पण आपल्याकडे फौजदारीही होते. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने थोडी आडकाठी घातली, की सक्षम डॉक्टरचं स्वतंत्र मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आता न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहेच. आणि कोर्टाच्या आधी दवाखान्याच्या काचा फुटतात, त्याचं काय? इथे चुकांची वही टेबलावर ठेवायला कुणाची छाती आहे?

असं असूनही आपल्याकडे दोन गोष्टी चांगल्या झाल्यात, त्या सांगतो. एक, मातामृत्यूंचं परीक्षण. सरकारी मार्गदर्शक सूचनांत तत्त्वच आहे, नाव नको, दोष नको. बाई का दगावली, उशीर घरी झाला, वाटेत झाला की हॉस्पिटलात झाला, एवढं शोधायचं. केरळात तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४पासून गोपनीय पद्धतीने हे चालवलंय आणि त्यातून रक्तस्रावावरच्या उपचारात प्रत्यक्ष बदल केलेत. दोन, औषधांच्या दुष्परिणामांचा फॉर्म. गाझियाबादहून चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा. त्यावर छापलेलंच आहे की हा फॉर्म भरला म्हणजे डॉक्टरने किंवा कंपनीने चूक मान्य केली असं नाही. मी भरतो. आजवर कुणी नोटीस पाठवलेली नाही.

कलमबहाद्दर

डॉक्टर, उदाहरणं उत्तम आहेत, पण वकील म्हणून खडा टाकतोच. 'नाव नको, दोष नको' हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कायदा नव्हे. फॉर्मवरचं वाक्यही कायदा नव्हे. उद्या कोर्टाने कागद मागवला तर नव्या साक्ष अधिनियमात नवरा-बायको, वकील-अशील, सरकारी गोपनीय कागद यांना संरक्षण सापडेल, डॉक्टरांच्या आपसातल्या परीक्षणाला स्वतंत्र कलम सापडणार नाही. एनएबीएच हॉस्पिटलांना घटना नोंदवा, मूळ कारण शोधा असं सांगतं, हॉस्पिटलं मुकाट्याने करतात, आणि त्या कागदांचं उद्या काय होईल याचा कुणी विचार केलेला नसतो. माझ्या मते आपल्याकडे मोठी पोकळी ही आहे. मानांकन आयात केलं, त्याच्या पाठीशी असलेला कायदा तिकडेच राहिला.

अमेरिकेत २००५मध्ये, पेशंट सेफ्टी अ‍ॅक्टने, लहान दवाखान्यालाही वाट दिली. नोंदणीकृत पेशंट सेफ्टी संस्थेशी करार करायचा, तिला द्यायला म्हणून तयार केलेली माहिती संरक्षित. तरी कोणता कागद त्यात बसतो यावर तिथली कोर्टं अजून भांडतातच.

चौकस

मी जरा मवाळ झालोय. पण एक विचारतो. संरक्षणाच्या बदल्यात लोकांना काय मिळतं? पाच वर्षं बंद खोली, आणि मग?

गवाक्ष

चांगला प्रश्न आहे, कायद्यात त्याचं अर्धं उत्तर आहे. गुप्तता सार्वजनिक हिताची आहे असं मंत्र्यांचं समाधान व्हावं लागतं, आणि व्यक्ती ओळखू येणार नाही अशी माहिती बाहेर द्यायला मनाई नाही. वर वकीलसाहेबांनी सांगितलेलं मृत्यू-परीक्षण दरवर्षी अहवाल छापतं, कुणीही वाचावा. नाव लपवा, धडा छापा, असा सौदा आहे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे तो धडा तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोचतो का. बहुतेक वेळा नाही.

व्हिक्टोरियाने नोव्हेंबर २०२२पासून हॉस्पिटलांवर सक्ती केलीय की गंभीर इजा झाली तर पेशंटला स्वतःहून सांगायचं, आणि त्याबरोबर आतल्या परीक्षणाला संरक्षणही दिलं. दोन्ही एकाच कायद्यात. चौकस, तुम्हाला पटेल असं हेच आहे. पण पुन्हा तेच, हॉस्पिटलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स. जीपी नाहीत.

वकीलसाहेब, मग वही कशी लिहू ते सरळ सांगा.

कलमबहाद्दर

फुकट सल्ला आहे, स्थानिक वकिलाला विचाराच. पेशंटबद्दलची वस्तुस्थिती फाइलमध्ये, पूर्ण, वेळेसकट. वहीत पेशंटचं नाव नको, डॉक्टरचं नको. 'निष्काळजीपणा', 'चुकलं', 'करायलाच हवं होतं' असे निवाडे नकोत. काय घडलं, कुठल्या पायरीवर घडलं, काय बदललं. 'रजेवरच्या डॉक्टरचे रिपोर्ट कुणी बघायचे हे ठरलेलं नव्हतं, आता ठरलं, अमुक तारखेपासून.' अशी नोंद कोर्टात गेली तर सुधारणाच दिसते. आणि एक ओळ लिहून सोडणाऱ्या तुमच्या पार्टनरना सांगा, समोरचा वकील रिकाम्या वहीवर जास्त खूश होतो. मानांकनासाठी वही ठेवणं अपेक्षित होतं, यांनी कोरी ठेवली, एवढंच त्याला न्यायाधीशांना दाखवायचं असतं.

सिस्टरआक्का

आणि वही रिसेप्शनच्या मुलींना डॉक्टरांच्या सहीशिवाय लिहिता येऊ दे. मीटिंग एखाद्या वेळी नर्सला चालवू दे. पाहणीला आलेले लोक खोदून विचारतात, शेवटची नोंद कुणी केली आणि त्याचं काय झालं. तिथे डॉक्टरांचेच हात दिसले की त्यांना कळतं.

गवाक्ष

हे पार्टनरपुढे मांडते. सहीचा मुद्दा अवघड जाणार, पण रिकाम्या वहीचा ऐकून घेतील असं वाटतं.

चौकस

जाता जाता. तुमच्याकडे अशी वही आहे हे तुमच्या पेशंटना ठाऊक असतं का?

गवाक्ष

पाहणीच्या वेळी त्यांच्या फाइली बघितल्या जाऊ शकतात हे आम्ही पाटी लावून कळवतो. वहीबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. सोमवारी मॅनेजरला विचारते.